महाविद्यालयांतील प्रत्येक विद्यार्थ्यास नीट लिहितां आलें पाहिजे काय ?

(धर्मग्रामाच्या हीरकमहोत्सवी वर्षांत तरुण व त्यांचे पालक यांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



हीरकमहोत्सवाच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामांत गेले कित्येक महिने निरनिराळे कार्यक्रम चालू आहेत. मिस्सा झाल्या, मिरवणूक झाली, बँड वाजला, वृद्धांचा सत्कारहि यथासांग पार पडला. आतां तरुणांसाठीं एखादा विचाराचा विषय असावा असें महोत्सव समितीस वाटलें व तें काम आमच्याकडे आलें. विषय मात्र आम्हीं निवडलेला नाहीं. तो तरुणांच्या मागील बैठकींत आपोआपच निघाला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षांत असलेल्या एका मुलानें आम्हांस विचारलें, "फादर, आम्ही यंत्रें करणार, हिशेब करणार, आम्हांला निबंध कशाला लिहायला लावतात? ज्याला लिहिण्याची हौस असेल त्यानें खुशाल लिहावें." सभेंत हंशा पिकला. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, व विचारणारा मुलगाहि उनाड नव्हे. त्याच्या घरांत कॉलेजाची पायरी चढणारा तो पहिलाच. त्याच्या विचारण्यांत थोडा राग होता आणि थोडी भीति होती, असें आम्हांस त्या वेळीं वाटलें. कॉलेजांत जाणाऱ्या प्रत्येकाकडून चांगल्या लेखनाची अपेक्षा करणें रास्त आहे, कीं तो त्याच्यावर जुलूम आहे, असा हा प्रश्न आहे.

प्रथम चांगलें लिहिणें म्हणजे काय, हें ठरविलें पाहिजे. नाहींतर आपण निरनिराळ्या गोष्टींविषयीं भांडत बसूं. पुष्कळांच्या मनांत चांगलें लेखन म्हणजे अलंकार, सुभाषितें, सूर्योदयाचें वर्णन व शेवटीं एखादी कवितेची ओळ. शाळेंतील निबंधानें ही समजूत करून दिली आहे. असलें लेखन सर्वांकडून मागणें म्हणजे देवळांतील प्रत्येक भाविकानें गायकवृंदांत गावें असें म्हणण्यासारखें होईल. (आमच्या गायकवृंदाचे संचालक समोरच बसले आहेत, त्यांस या उपमेचें मर्म बरोबर समजेल.) कवित्व ही देणगी आहे, ती मागून मिळत नाहीं. आम्ही जें मागतों तें याहून फार साधें आहे. जें सांगावयाचें तें लिहिणारास स्वतःस अगोदर कळलेलें असावें, वाचणारास तें एका वाचनांत कळावें, आणि तें खरें असावें. शुभवर्तमानांतील जखऱ्याची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. त्याची वाचा बंद झाली होती. मुलाचें नांव बापाचेंच ठेवावें असा नातलगांचा आग्रह चालला होता. जखऱ्यानें पाटी मागविली व मुलाचें नांव योहान असल्याचें तिजवर लिहून दिलें. लिखाण एका ओळीचें, अलंकार एकहि नाहीं, पण वाद तेथेंच मिटला. आमच्या मतें तें उत्तम लेखन होय.

आतां कोणी म्हणेल कीं, एवढें तरी सर्वांना कसें साधेल ? पूर्वीची गोष्ट निराळी होती. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८६२ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले ते अवघे चौघे : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे. चौघांकडून हवें तें मागावें ! आज काय स्थिति आहे ? भारत सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणींत २०२१-२२ या वर्षीं देशांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारें ४ कोटी ३३ लक्ष भरली. त्यांत शेतकऱ्यांचीं मुलें आहेत, पहांटेच्या गाडीनें फुलांच्या पाट्या दादरला नेणाऱ्या मातांच्या मुली आहेत, ज्यांच्या घरीं वर्तमानपत्रहि येत नाहीं अशीं मुलें आहेत. त्या सर्वांस रानडे-भांडारकरांच्या मापानें मोजणें अन्याय होईल, असा हा आक्षेप आहे, आणि तो दयेच्या पोटीं निघालेला आहे म्हणून आम्ही त्याचा आदर करतों.

परंतु ही दया नीट तपासून पाहिली तर तिच्यांत एक कडू बी आढळतें. "बिचाऱ्याला कोठून लिहितां येणार" असें म्हणून आपण त्या मुलास पदवी देतों, पेढे वाटतों आणि लिहिण्याचीं कामें पुन्हां ज्यांच्या घरांत पिढ्यानपिढ्या पुस्तकें आहेत त्यांच्याच हातीं ठेवतों. श्रीमंताच्या मुलास कॉलेजानें लिहावयास शिकविलें नाहीं तरी त्याचा काका शिकवील. आमच्या वाडींतील मुलाला कॉलेजाखेरीज दुसरा काका नाहीं. म्हणून जी अपेक्षा वरून जुलूम दिसते ती कोणावर नसली तर अधिक नुकसान होतें, हें आईबापांनीं ध्यानांत घ्यावें.

शिवाय ही तक्रार आपल्याच देशांत व आपल्याच काळांत निघाली आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड येथें १८७४ सालीं प्रवेशपरीक्षेंत इंग्रजी निबंध घालण्यांत आला, आणि तेथील एका समितीनें १८९२ सालच्या अहवालांत मुलांना धड लिहितां येत नाहीं अशी कडक तक्रार करून दोष खालच्या शाळांवर टाकला. तीं मुलें सुखवस्तु घरांतील होतीं व बहुतेकांची मायबोली इंग्रजीच होती. तेव्हां लिहितां न येणें हा गरिबीचा किंवा जातिकुळाचा दोष नव्हे. लिहिणें हें बोलण्यासारखें आपोआप येत नाहीं; तें शिकवावें लागतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

आतां आमच्या इंजिनिअर मित्राकडे वळूं. त्याचें म्हणणें असें कीं, यंत्राला व्याकरण लागत नाहीं. यावर आम्ही त्याला एक खरी घडलेली गोष्ट सांगतों. कल्पना चावला हें नांव तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया हें अंतराळयान पृथ्वीकडे परत येत असतां आकाशांतच भंगलें आणि तिच्यासह सातहि अंतराळवीर मृत्यु पावले. सोळा दिवसांपूर्वीं उड्डाणाच्या वेळीं इंधनाच्या टाकीवरील फेसासारख्या हलक्या आवरणाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान वर फिरत असतांनाच इंजिनिअरांनीं त्या आघाताचा विचार करून वरिष्ठांपुढें तक्ते मांडले. त्यांतील एका तक्त्याविषयीं चौकशी मंडळानें त्याच वर्षीं ऑगस्टमधील आपल्या अहवालांत जें लिहिलें तें प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजांत वाचून दाखवावें असें आम्हांस वाटतें. तक्त्याचें शीर्षक धीर देणारें होतें. खरी भयाची गोष्ट अगदीं तळाशीं, बारीक अक्षरांत होती. ती अशी कीं, पूर्वींच्या चांचण्यांत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा, तर प्रत्यक्षांत आदळलेला सुमारें १९२० घनइंचांचा मानला होता. म्हणजे ६४० पट मोठा ! मधल्या ओळींत 'सिग्निफिकंट' हा एकच मोघम शब्द निरनिराळ्या रूपांनीं पांच वेळां आला होता आणि दर वेळीं त्याचा अर्थ निराळा होता. हा तक्ता वाचून एखाद्या वरिष्ठास येथें सात जणांच्या प्राणांचा प्रश्न आहे हें कळलें नसेल तर नवल नाहीं, अशा आशयाचा अभिप्राय मंडळानें दिला.

अपघात त्या तक्त्यानें घडविला असें कोणी म्हणूं नये. तुकडा सुटला तो सुटला. आणि दोष पाहूं गेल्यास चौकशी मंडळानें आणखी पुष्कळ दाखविले आहेत. पण इंजिनिअरांपाशीं आंकडा होता, तो त्यांनीं लपविलाहि नव्हता. फक्त वाचणाराच्या डोळ्यांपर्यंत तो पोहोंचला नाहीं. ३ आणि १९२० हे दोन आंकडे पहिल्या ओळींत शेजारीं शेजारीं लिहिले असते तर त्यासाठीं कोणता अलंकार लागला असता ? मुलांनो, यंत्राला व्याकरण लागत नाहीं हें कबूल; पण यंत्राविषयीं जो निर्णय करतो तो मनुष्य असतो, आणि तो वाचून निर्णय करतो.

हीच गोष्ट आमच्या मुलींना अधिक सांगावयास नको. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत परिचारिका आहेत. देशांत आहेत, परदेशांत आहेत. रात्रपाळी संपतांना नोंदवहींत "औषध दिलें" एवढेंच लिहून चालत नाहीं. कोणतें, किती, किती वाजतां, व त्यानंतर रोग्यास कसें वाटलें, हें लिहावें लागतें. कारण दिवसपाळीच्या बाईनें रात्र पाहिलेली नसते. चांगलें लिहिण्याची याहून चांगली शाळा आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या कचेरीचा अनुभव सांगतों. धर्मगुरूच्या कचेरींत लेखनाचें महत्त्व रोज डोळ्यांसमोर येतें. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं धर्मगुरूंनीं विवाहाची नोंदवही ठेवावी असा नियम केला, व तेव्हांपासून आम्ही लिहीतच आहों. जुन्या नोंदवहींत एखाद्या आजीचें नांव एका ठिकाणीं एक व दुसऱ्या ठिकाणीं दुसरें असलें म्हणजे साठ वर्षांनीं तिच्या नातवाला पासपोर्टासाठीं किती खेटे घालावे लागतात, हें येथें बसलेल्यांपैकीं पुष्कळांना माहीत आहे. पण त्याहून आश्चर्य वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. पदवी घेतलेला तरुण येतो आणि म्हणतो, "फादर, एवढा अर्ज तुम्हीच लिहून द्या ना." एकानें वीजबिलाच्या तक्रारीचा अर्ज आम्हांस दाखविला. तीन पानें ! त्यांत शेजाऱ्याचें वर्तन होतें, मीटर पाहावयास आलेल्या माणसाचा उद्धटपणा होता, आजोबांच्या काळांतील प्रामाणिकपणाची आठवण होती. ग्राहक क्रमांक मात्र कोठेंहि नव्हता, आणि बिल कोणत्या महिन्याचें हें तिसऱ्या पानाच्या शेवटीं सांपडलें. असा अर्ज कचेरींत पडून राहिला तर दोष सर्वस्वीं कारकुनाचा म्हणतां येईल काय ?

आपला देश लोकशाहीचा आहे, आणि लोकशाहींत सामान्य माणसाच्या हातीं जीं थोडीं हत्यारें आहेत तीं बहुतेक कागदाचीं आहेत. शहराची विकास योजना प्रसिद्ध होते तेव्हां सरकार लोकांच्या हरकती व सूचना मागवितें, आणि त्या लेखी मागवितें. आपल्या भागांत शेतीच्या, विहिरींच्या व हिरवळीच्या रक्षणासाठीं केवढी चळवळ झाली हें वडील माणसांना आठवतें. मोर्चे निघाले, सभा झाल्या. पण मोर्चा दुसऱ्या दिवशीं घरीं जातो, हरकत फायलींत राहते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा. दहा रुपयांचें शुल्क भरून कोणाहि नागरिकास अर्ज करतां येतो. ज्याला लिहितां येत नाहीं त्याची तोंडी विनंती कागदावर उतरविण्यास अधिकाऱ्यानें सर्वतोपरी साहाय्य करावें, अशी दयाळू तरतूद त्याच कायद्यांत आहे. महाराष्ट्राच्या २०१२ सालच्या नियमांत मात्र असें सांगितलें आहे कीं, अर्ज एकाच विषयाचा असावा व साधारणतः १५० शब्दांहून मोठा नसावा. या नियमावर टीका झालेली आहे, आणि ती रास्तहि असेल. परंतु एकच विषय, दीडशें शब्द, व नेमकें काय हवें तें, ही पदवीधराची सोपी परीक्षा आहे. निरक्षर आजीसाठीं कायद्यानें अधिकाऱ्याला बसविलें आहे. बी. कॉम. झालेल्या नातवानें त्याच अधिकाऱ्यापुढें आजीच्या रांगेंत उभें राहावें काय ?

येथें भाषेचा प्रश्न येतो, आणि तो आमच्या लोकांच्या बाबतींत नाजूक आहे. आपल्या घरांत कोणी कादोडी बोलतो, कोणी वाडवळी. शाळेंत पुस्तकी मराठी भेटते, कॉलेजांत इंग्रजी. मुलगा तीन घरांचा पाहुणा होतो. घरच्या बोलींत त्याची जीभ सुरीसारखी चालते. तोच मुलगा कागद पुढें आला कीं गप्प होतो, कारण शाळेंत एकदां 'ण'च्या जागीं 'न' लिहिल्याबद्दल वर्गानें त्याला हंसून घेतलेलें असतें. आम्ही स्पष्ट सांगतों कीं, शुद्धलेखन आणि चांगलें लेखन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शुद्धलेखनाचे नियम बदलतात. १९६२ सालीं नवे नियम सरकारमान्य झाले आणि जुन्या लेखनांतील न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना रजा मिळाली. आम्हांस मात्र ते जुन्या पुस्तकांच्या वाचनानें इतके अंगवळणीं पडले आहेत कीं, या व्याख्यानाचें टिपण छापावयास घेणारा मुलगा आमच्यावर रागावणार हें नक्की. ऱ्हस्वदीर्घ नीट असावें हें खरेंच. अंगरखा इस्त्री केलेला असावा तद्वत्. पण इस्त्रीच्या आधीं अंगरखा पाहिजे. ज्याचा विचार स्वच्छ आहे त्याच्या वेलांट्या सुधारतां येतात. ज्याच्या वेलांट्या निर्दोष आणि वाक्यांत कांहींच नाहीं, त्याचें काय सुधारावें?

फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. हा इंग्रज माणूस १५७९ सालीं गोव्यास उतरला. मराठी त्याच्या आईची भाषा नव्हती. तरी १६१६ सालीं छापलेलें त्याचें 'क्रिस्तपुराण' मराठींत आहे व ओव्यांची संख्या दहा हजारांवर आहे. प्रास्ताविकांत तो वाचकांस सांगतो कीं, जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून लोकांच्या बोलींतील सोपे शब्द आपण मिसळले आहेत. म्हणजे परभाषा शिकून तींत एवढा मोठा ग्रंथ करणाऱ्यालाहि पहिली काळजी होती ती वाचणाराला कळेल कीं नाहीं याची. आपल्या समाजांत हा धागा तुटलेला नाहीं. १९०३ सालीं 'निरोप्या' निघाला, १९५५ सालीं 'सुवार्ता', आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आपल्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले. २०२४ सालीं ते देवाघरीं गेले. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला व आम्हीं सर्वांनीं आनंद केला. भाषा अभिजात झाली आणि तींत रजेचा अर्ज लिहितां येत नाहीं, ही मौज मात्र अजून आहेच.

कोणत्या भाषेंत लिहावें असें विचाराल तर आमचें मत असें कीं, एका तरी भाषेंत पूर्ण लिहितां यावें, आणि ती बहुधा तीच असेल जींत तुम्ही मनांतल्या मनांत भांडतां. एकींत विचार सरळ मांडण्याची संवय झाली म्हणजे दुसरींत शब्द तेवढे शोधावे लागतात. उलट, दोन भाषांत अर्धें अर्धें लिहिणाराचें पूर्ण असें कांहींच होत नाहीं.

आतांपर्यंत विद्यार्थ्यांस सांगितलें. पण अपेक्षा करणारानें शिकविलेंहि पाहिजे, आणि येथें आम्ही विद्यार्थ्यांच्या बाजूनें उभे आहों. पंधरा वर्षें मुलाला गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांतील उत्तरें पाठ करावयास लावावयाचें, आणि सोळाव्या वर्षीं "तुला स्वतःचें एक वाक्य लिहितां येत नाहीं" म्हणून नाक मुरडावयाचें, हा कोणता न्याय ? लिहिणें हें व्याख्यान ऐकून येत नाहीं. लिहावें, कोणी तें वाचावें, कोठें अडलें तें दाखवावें, पुन्हां लिहावें, हाच एक मार्ग आहे. येशूसंघाची जी शिक्षणपद्धति १५९९ सालीं ठरविली गेली तींत हें तपशीलवार सांगितलें आहे. विद्यार्थ्यांनीं जवळजवळ रोज कांहींतरी लिहावें; शिक्षकानें तें एकेकास जवळ बोलावून हलक्या आवाजांत तपासावें; विद्यार्थी फार असले तर जमतील तितकीं तपासावीं व बाकीचीं मुलांनीं एकमेकांचीं तपासावीं. 'हलक्या आवाजांत' हे शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात. चारशें वर्षांपूर्वीं त्या शिक्षकांना कळलें होतें कीं, भर वर्गांत केलेली चूक मुलगा सुधारीत नाहीं, ती झांकावयास शिकतो.

प्राध्यापक म्हणतील, एका वर्गांत शंभर-सव्वाशें विद्यार्थी. वह्या तपासावयाच्या केव्हां? अडचण खरी आहे. पण सबंध वर्षांत चाळीस पानें न तपासतां टाकून देण्यापेक्षां चारच पानें मागावीं आणि तीं दोनदां लिहवून घ्यावीं, यास कोणाची परवानगी लागत नाहीं. सेमिनरींत आम्हांस एक वृद्ध गुरु होते. ते आमच्या प्रवचनाचें टिपण घेत, एकाच वाक्याखालीं रेघ ओढीत व विचारीत, "हें तुम्ही कोणाला सांगत आहां ?" बाकी कांहीं बोलत नसत. ज्याला उत्तर देतां येत नसे तो टिपण घेऊन परत जाई.

आणि आतां एक नवा प्रश्न उभा राहिला आहे, ज्याची आमच्या गुरूंना कल्पना नव्हती. २०२२ सालच्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी आलें. त्यानंतर विद्यार्थ्यानें नुसता विषय टाकावा आणि यंत्रानें मिनिटाभरांत निबंध काढून द्यावा, अशी सोय झाली आहे. "मग आतां लिहावयास शिकावयाचें कशाला ?" असें आमच्या मित्रानें अर्थातच विचारलें. आम्ही यंत्राचे शत्रु नाहीं. दुसऱ्याकडून लिहवून घेणें हेंहि पाप नव्हे. संत पौलानें रोमकरांस पाठविलेलें पत्र त्यानें स्वतःच्या हातानें लिहिलें नाहीं. लिहिणाराचें नांव तर्तियुस, आणि पत्राच्या शेवटीं त्यानें आपलाहि नमस्कार घातला आहे. पण तेथें विचार पौलाचा होता आणि हात तर्तियुसाचा. यंत्राकडून निबंध करून घेऊन त्यावर आपलें नांव घालणारा उलटा व्यवहार करतो. विचार दुसरीकडचा आणि त्याचा फक्त हात. शिवाय तो नमस्कार घालीत नाहीं, तर्तियुसालाच लपवितो.

यापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट ही कीं, पुष्कळ वेळां लिहिण्यापूर्वीं आपल्याला काय वाटतें हेंच आपल्याला ठाऊक नसतें. वाक्य पुरें होत नाहीं, तेव्हां कळतें कीं विचारच पुरा झालेला नाहीं. ती अडचण म्हणजेच शिक्षण आहे. ती यंत्राला दिली तर निबंध होईल, शिक्षण होणार नाहीं. व्यायामशाळेंत जाऊन वजन उचलण्यास हमाल लावणारा गृहस्थ आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं. आणि यंत्रानें लिहून दिलेलें खरें आहे कीं खोटें, हें ओळखण्यासहि ज्यानें स्वतः कधीं चार ओळी तोलून लिहिल्या आहेत असाच मनुष्य लागतो.

मग ज्याला हें साधत नाहीं त्याची पदवी रोखावी काय ? एका दिवसाच्या परीक्षेवर रोखूं नये, असें आमचें मत आहे. अशा परीक्षेचा पहिला बळी आमच्याच वाडींतील मुलगा होईल, आणि दुसऱ्या वर्षीं तिचेंहि गाईड बाजारांत येईल. पण ज्यानें तीन-चार वर्षांत स्वतःची दहा पानें लिहून, तपासून घेऊन, पुन्हां लिहिलेलीं नाहींत, त्याला पदवी द्यावी कशी हें आम्हांस कळत नाहीं. आणि ज्या कॉलेजानें तीं मागितलींच नाहींत त्यानें ती द्यावी कशी, हें तर त्याहूनहि कळत नाहीं. कांहीं मुलें अशीं असतात कीं अक्षरें त्यांच्या डोळ्यांपुढें नाचतात. बुद्धीनें तीं कोणाहून कमी नसतात. कांहींना दृष्टि नाहीं. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें त्यांस आधार दिला आहे आणि परीक्षेस लेखनिक घेण्याची सोयहि आहे. त्यांनीं सांगावें, दुसऱ्यानें लिहावें. पौलाचा मार्ग त्यांस मोकळा आहे. त्यांच्याकडूनहि स्वच्छ विचाराची अपेक्षा मात्र कमी करूं नये, कारण अपेक्षा कमी करणें हाहि अपमानच असतो.

आईबापांनीं घरांत एक करावें. मुलानें लिहिलेला अर्ज, पत्र, जें कांहीं असेल तें, त्याला मोठ्यानें वाचावयास सांगावें. तुम्ही चौथी शिकलां असाल तरी चालेल. जेथें तुम्हांस कळलें नाहीं तेथें "हें मला कळलें नाहीं" एवढेंच म्हणावें. तें वाक्य त्यानें पुन्हां लिहावें. यासाठीं तुम्हांला व्याकरण येण्याची गरज नाहीं, आणि मुलानें तुम्हांला अडाणी म्हणण्याचें धाडस केलें तर त्याला आमच्याकडे पाठवावें.

महोत्सव समितीशीं आमचें बोलणें झालें आहे. पुढील महिन्यापासून दर रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर वाचनालयाची मागची खोली उघडी राहील. आपल्या धर्मग्रामांतील दोन निवृत्त शिक्षिकांनीं तेथें तासभर बसण्याचें मान्य केलें आहे. त्या हलक्या आवाजांत बोलतात. ज्याला यावयाचें त्यानें हातानें लिहिलेलें एक पान आणावें. विषय एकच, शब्द दीडशें, भाषा कादोडी, वाडवळी, मराठी किंवा इंग्रजी, जी जवळची असेल ती. पहिल्या रविवारचा विषय आम्हीं ठरविला आहे : आपल्या आळींतील गटार, तें कोठें तुंबलें आहे, केव्हांपासून, आणि कोणीं काय करावें. चांगलीं पानें नगरपालिकेच्या कचेरींत आम्ही स्वतः नेऊन देऊं व पोंच घेऊन येऊं. आमच्या इंजिनिअर मित्रानें पहिलें पान आणण्याचें कबूल केलें आहे. त्यानें सोबत नकाशा जोडला तर हरकत नाहीं.